दात कशानं घासतेस?

नवीन मुलगी कबड्डीच्या मैदानावर आली की ठकी तिला आधी नाव विचारत नाही. उंची बघत नाही, पळून दाखव म्हणत नाही. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो.

"सकाळी दात कशानं घासतेस गं?"

मुली गोंधळतात. एखादी तोंडावर हात धरून हसते. बरोबर आलेल्या आया तर सरळ रागावतात, आम्ही काय पोरीला पारोशी आणली का म्हणून. गळ्यात शिट्टी अडकवून मी शेजारीच उभी असते आणि अशा आयांची समजूत घालणं हे माझं काम असतं. खोपोलीतल्या नव्या टॉवरमधली एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुमच्या कोच मॅडम दातांच्या डॉक्टर आहेत का हो?" मी म्हटलं, नाही, त्या चढाई करतात. बाईंचं त्यावर समाधान झालं असेल असं वाटत नाही.

आता प्रत्येक बाईला सगळी हकीकत कुठे सांगत बसणार? इथे सांगते.

ठकी निरगुडे आमच्या गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या ठाकरवाडीतली. आमचं गाव खाली, भातशेतीत. मधे एक ओढा. ओढा ओलांडून चढ चढला की माथेरानच्या डोंगराच्या पायाशी तिची वाडी. तिचा बाप पदू नेरळला इमारतींच्या कामावर जायचा. आई नामीबाई हंगामाप्रमाणे करवंदं, शेवळं, काकडी घेऊन नेरळ स्टेशनच्या बाहेर बसायची. आणि ठकी कबड्डी खेळायची. वाडीत तिला कोणी हे शिकवलं नव्हतं आणि कोणी अडवलंही नव्हतं.

ठकीचा दम हा आमच्याकडे बघायला येण्याचा विषय होता. आम्ही बाकीच्या मुली समोरच्या अंगणात शिरून दोन पावलं टाकेपर्यंत "कबड्डी कबड्डी"चं "बड्डी बड्डी" व्हायचं. ठकीचा शब्द मध्यरेषा ओलांडताना जेवढा स्वच्छ, परत येतानाही तेवढाच. समोरच्या पोरी तिच्या दमाची वाट बघत उभ्या राहायच्या आणि वाट बघता बघता बाद व्हायच्या. मी डावा कोपरा सांभाळायची. सांभाळायची म्हणजे तिथे उभी असायची.

गावच्या क्लबात आम्हाला शिकवायचे किशोर सर. पी.टी.चे शिक्षक, सडसडीत, आवाज मात्र फाटका. तंबाखूचा त्यांना जन्माचा राग. त्यांचा थोरला भाऊ एकेकाळी तालुक्यातला नावाजलेला पकडपटू. तंबाखूपायी त्याचं तोंड असं आखडलं की भाताचा घास चिमटीनं आत सरकवावा लागायचा. म्हणून सरांनी एक पद्धत पाडली होती. दसऱ्याला मैदानाच्या कोपऱ्यात खड्डा खणायचा. खेळणाऱ्या मुलांनी आपापल्या पुड्या आणि चुन्याच्या डब्या त्यात टाकायच्या, वर माती लोटायची, आणि मैदानावरची मूठभर माती हातात घेऊन म्हणायचं की हंगाम संपेपर्यंत शिवणार नाही. काही पोरं खरंच पाळायची. काही दिवाळीच्या आत दुसरी पुडी घ्यायची आणि सर त्यांचे खिसे झाडायचे.

आम्ही मुली तेव्हा काय करायचो? टाळ्या वाजवायचो. मुली कुठे तंबाखू खातात? सरांनी आम्हाला कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी आम्ही शपथेवर नाही म्हटलं असतं. ठकीनंही म्हटलं असतं. सगळ्यांत जोरात टाळ्या तिच्याच असायच्या.

आणि ठकी खोटी मुळीच नव्हती. ती तंबाखू खात नव्हती, ती मशेरी लावायची. तंबाखूचं पान जुन्या तव्यावर काळं होईपर्यंत भाजायचं, चुरायचं, डबीत भरायचं. सकाळी उठलं की चिमूटभर डाव्या तळव्यावर घ्यायची आणि बोटानं दातांवर, हिरड्यांवर घासत बसायचं. दुपारी आणि संध्याकाळी पुन्हा एकेकदा. आमच्याकडे निम्म्या बायका हे करतात. माझी काकू करते, तिची सासू करायची. याला कोणी व्यसन म्हणत नाही, दात घासणं म्हणतात. तान्ह्या पोराला आंघोळ घालतात ना, तितकं साधं.

ठकीच्या घरी मशेरी म्हणजे आणखी काहीतरी होतं. नामीबाई दिवसभर नेरळला, ठकी शेतावर नाहीतर मैदानावर. मायलेकींची गाठ पडायची ती फटफटताना, घराच्या ओट्यावर. आई डबी उघडायची, आधी लेकीच्या तळव्यावर चिमूट ठेवायची, मग स्वतःच्या. दोघी डोंगराकडे तोंड करून बसायच्या. तोंड भरलेलं, त्यामुळे बोलणं "हं" आणि "उं"च्या पलीकडे जायचं नाही. मी एकदा पहाटे तिला हाक मारायला गेले तेव्हा त्या दोघींना तसं बसलेलं पाहिलं. माझ्या आईशी मी सकाळपासून भांडत असते. मला तेव्हा ठकीचा हेवा वाटला, खरंच वाटला.

एका वर्षी जिल्ह्याच्या निवड शिबिराला आमच्या क्लबातून दोघी गेलो, मी आणि ठकी. मी कशी गेले ते विचारू नका, एक मुलगी आजारी पडली होती. ठकी मात्र निवडली जाणार हे सगळे धरून चालले होते. जिल्ह्याच्या संघात खेळायचं, पुढे राज्याच्या, आणि मग कुठे नोकरी लागली तर बापाला परांचीवर चढायला नको, एवढंच तिचं स्वप्न होतं. ते तिनं कोणापासून लपवलं नव्हतं. नामीबाईनं नेरळहून तिच्यासाठी नवा ब्रश आणि पेस्ट आणली होती. म्हणाली, "चार गावच्या पोरी येतील. तिथं बोटानं घासाया लागली तर हसतील तुला."

झालं. एका आईनं मायेनं ब्रश आणला आणि लेकीचं वर्ष गेलं.

शिबिर पनवेलच्या पलीकडे एका शाळेत होतं. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी ठकीचं डोकं चढलं. पोट साफ होईना. जांभया तर अशा की मोजणाऱ्यानं दमावं. तिसऱ्या दिवशी तिनं एका पोरीला, बादली सरकवली एवढ्यावरून, अशी फटकारली की ती रडायला लागली. ठकी असं वागणारी नाही. चढाईला गेली की मध्येच नजर हरवायची. पकड बसायची आणि ती तशीच पडून राहायची.

"काय होतंय गं तुला?" मी विचारलं.

"आयची आठवण येते," ती म्हणाली. "लय येते संध्ये. आतून वढल्यावानी व्हतं."

चौथ्या दिवशी सकाळी तिची पिशवी जागेवर नव्हती. ती एस.टी. पकडून घरी गेली होती.

नंतर तिनं मला सांगितलं ते असं. ओट्यावर आई बसली होती. ठकीला बघून तिनं डबी उघडली, चिमूट तळव्यावर ठेवली. ठकी शेजारी बसली. मशेरी लावता लावता डोकं उतरलं, छाती मोकळी झाली. "आयला बघितलं नि समदं बरं झालं," ती मला म्हणाली. त्यात लाज होतीच, पण थोडा अभिमानही होता. आपली आईवर एवढी माया आहे याचा अभिमान.

शिबिरातल्या निवड करणाऱ्यांपैकी एकजण माझ्यासमोर म्हणाला, "या वाडीच्या पोरी टिकत नाहीत. आईच्या पदरातून बाहेरच येत नाहीत." माझं डोकं फिरलं. पण ठकी स्वतः तेच सांगत होती. किशोर सर महिनाभर तिच्याशी धड बोलले नाहीत. बोलले तेव्हा एवढंच म्हणाले की पुढच्या वर्षीची संधी शेवटची, त्यानंतर वय निघून जाईल.

आणि मग श्रावणात ओढा चढला.

दरवर्षी चढतो, पण त्या वर्षी उतरायचं नावच घेईना. वाडीतून खाली कोणी येईना, खालून वर कोणी जाईना. वाडीत पोशाचं एक दुकान. त्याच्याकडची तंबाखूची पानं दमट हवेनं बुरसली आणि त्यानं ती फेकून दिली. वाडीतल्या डब्या एकामागून एक रिकाम्या झाल्या. ठकी सांगते, तेव्हा वाडीत जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. कोंबडी अंगणात आली म्हणून भांडण, आली नाही म्हणून भांडण. नामीबाईनं भाकरी करपवली आणि वर नवऱ्यालाच बोल लावला. पदू बिचारा कांबळं घेऊन गोठ्यात जाऊन बसला.

आणि ठकीला आईची आठवण यायला लागली.

तिनं मला हे जसं सांगितलं तसंच सांगते. ती ओट्यावर बसली होती. समोर तिचाच डोंगर. शेजारी तिची आई, एवढी जवळ की लुगड्याचा ओला वास येत होता. आणि आतून तेच ओढल्यासारखं. तेच डोकं, तशाच जांभया, डोळ्यांत तेच पाणी. घरी बसून तिला घरी जावंसं वाटत होतं. तिनं आईच्या मांडीवर डोकं ठेवून पाहिलं. काही झालं नाही. आईनंच "सरक तिकडं" म्हणून ढकललं.

ओढा उतरला. पोशानं पानं आणली. नामीबाईनं तवा चढवला, घरभर खोकला झाला, डबी भरली. चिमूट हिरडीला लागली आणि ठकीची आठवण पळाली.

ती तशीच चिखलातून उतरून माझ्या दारात आली. पाय गुडघ्यापर्यंत भरलेले. मला वाटलं, कोणी गेलं की काय.

"संध्ये, मी कोनासाठी रडले गं?" ती म्हणाली. "शिबिरातून पळाले ती कोनासाठी? आयसाठी का ह्या काळ्या भुकटीसाठी?"

मी तिला पाणी दिलं. ते तिनं पायावर ओतलं.

"मला वाटायचं माजी आयवर लय माया हाय. ती मायाच नवती. डबी व्हती ती."

ठकीला रडताना मी त्याआधी पाहिलं होतं, पण असं नाही. कोणाची आठवण येणं खोटं निघालं म्हणून रडणारी माणसं जगात किती असतील ठाऊक नाही, मी एकच पाहिली. मला तिला सांगायचं होतं की माया खरी असते गं, वेडी. पण ते खात्रीनं सांगणार कशी? तिच्याकडे पुरावा होता, माझ्याकडे काहीच नव्हतं.

आम्ही किशोर सरांकडे गेलो. सर हसले. "अगं, दात घासायची पावडर ती." ठकीनं डबी पुढे केली. सरांनी आयुष्यात तंबाखूला बोट लावलेलं नव्हतं. त्यांनी चिमूटभर घेऊन हिरडीला लावली आणि आमच्यापुढे शिकवणी घ्यायला तोंड उघडलं. मग मिटलं. कपाळाला घाम फुटला. मैदानाच्या बांधावर टेकले. चूळ भरून झाल्यावर म्हणाले, "आणि मी पोरांचे खिसे झाडत बसलो."

सरकारी दवाखान्यात व्यसन सोडवायला मदत करणाऱ्या एक बाई बसायच्या. सर आम्हाला त्यांच्याकडे घेऊन गेले. बाईंनी डबी बघितली, ठकीच्या हिरड्या बघितल्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, तंबाखू ती तंबाखू, चघळा नाहीतर भाजून लावा. सोडलीस की डोकं दुखेल, चिडचिड होईल, पोट अडेल, सगळं होईल. ते सोडल्यामुळे होतंय हे ठाऊक असलं की निम्मी भीती जाते. आधी दुपारची बंद कर, मग संध्याकाळची, सकाळची शेवटी. हुक्की आली की जीव जातोय असं वाटेल, पण ती थोडाच वेळ असते. तेवढा वेळ काढायचा, काही झालं तरी काढायचा.

तो वेळ कसा काढायचा हे सरांनी सांगितलं. "तू चढाईपटू ना? मग दम घे."

म्हणजे हुक्की आली की उभं राहायचं, छाती भरून श्वास घ्यायचा आणि दम संपेपर्यंत "कबड्डी कबड्डी". नाही गेली तर पुन्हा. तिसऱ्या दमाला जातेच. ठकी हे कुठेही करायची. शेतात, विहिरीवर, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत. वाडीतली पोरं तिच्या मागे "कबड्डी कबड्डी" करत पळायची. लोकांना वाटलं पोरीला वारं लागलं. चांगो भगतानं अंगारा पाठवला. तो तिनं मुकाट्यानं लावला, उगाच कोणाला का दुखवा.

दुपारची सुटली, संध्याकाळची सुटली. अडलं ते सकाळी.

आई चिमूट पुढे करायची आणि लेक हात मागे घ्यायची. नामीबाईला दवाखाना कळत होता, बाई काय म्हणाल्या तेही कळत होतं. पण पुढे केलेला हात तसाच राहतो, हे तिला सोसवेना. "माज्या हातचं नको झालं व्हय तुला?" ती म्हणाली. ठकीनं समजावलं, ओरडली, पाया पडली. शेवटी एके सकाळी नामीबाई डबी उचलून घराच्या मागं, केळीखाली जाऊन बसली. दुसऱ्या दिवशीही तिथेच. लेकीच्या नजरेसमोर लावायची नाही म्हणून गेली की रुसून गेली, हे तिनं कधी सांगितलं नाही. ओट्यावर ठकी एकटी बसायला लागली.

मशेरी सुटली. हिरड्यांवरचा काळेपणा हळूहळू गेला, पोट ताळ्यावर आलं. पण सकाळही गेली. ठकी मला म्हणायची, "मशेरी नको गं मला. तो वटा पाहिजे." मी म्हणायची, मग केळीखाली जाऊन बस ना आईजवळ. ती म्हणायची, "तिथून डोंगर दिसत नाय." मला तेव्हा ते कारण फालतू वाटलं होतं.

दिवाळीनंतर पुन्हा शिबिर. पुन्हा तीच शाळा, तेच निवड करणारे, आणि कोणाच्या तरी कृपेनं पुन्हा मीही. निघताना नामीबाई दारात उभी होती. तिनं ब्रश विसरलीस का एवढंच विचारलं.

ठकी असं खेळली की मागच्या वर्षी पदराबद्दल बोललेला माणूस कागद सोडून उभा राहिला. पहिला दिवस, दुसरा, तिसरा. मी डोळ्यांत तेल घालून तिच्याकडे बघत होते. जांभई नाही, चिडचिड नाही. मी मनातल्या मनात गावदेवीला नारळ बोलले.

चौथ्या दिवशी फटफटताना जाग आली तर ठकी अंथरुणात नव्हती. पिशवी बघितली, होती. तशीच बाहेर धावले. शाळेच्या मागं नळाच्या कट्ट्यावर ती बसली होती, डोंगर नसलेल्या दिशेला तोंड करून. गालांवरून पाणी वाहत होतं.

"लावलीस ना?" मी ओरडलेच. "कोणी दिली तुला? सांग!"

तिनं आ करून दाखवला. दात स्वच्छ, पेस्टचा वास. आणि मग ती हसली. डोळ्यांतलं पाणी तसंच, आणि हसतेय.

"तीन दम घेतले गं," ती म्हणाली. "चवथा बी घेतला. जात नाय. ही मशेरीची नाय संध्ये. ही आयची हाय."

मी तिच्या शेजारी बसले. मलाही रडू आलं, आणि मी ते दाबलं नाही.

आमच्याबरोबर आलेल्या किशोर सरांच्या फोनवरून आम्ही पदूचा फोन लावला. त्यानं नामीबाईला दिला. मी कान लावून बसले होते, मला लाज नाही.

"आय, तुजी आठवण येते गं."

पलीकडे कोंबडा आरवला तेवढा ऐकू आला. मग नामीबाई म्हणाली, "मग रड. पन येऊ नको."

"नाय येत."

"मी बी वट्यावर बसलेय आज. तुज्या जागी."

ठकीची निवड झाली. माझी झाली नाही, याचं कोणालाच नवल वाटलं नाही. ती जिल्ह्याकडून खेळली, एकदा राज्याच्या चाचणीपर्यंत पोचली. पुढे गुडघा गेला. आता ती खोपोलीत शिळफाट्याला राहते, एका कंपनीत पॅकिंगला जाते आणि संध्याकाळी मुलींना शिकवते. मी मदतीला असते. दसऱ्याच्या खड्ड्यात आता मुलीही डब्या टाकतात. काहींच्या आया येऊन भांडतात, काहींच्या आया गुपचूप स्वतःची डबीही देऊन जातात. नामीबाईनं मात्र शेवटपर्यंत सोडली नाही. ती ओट्यावर परत बसायला लागली, डबी केळीखाली ठेवून यायची, एवढंच. गेल्या माघात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

परवा आमच्या मुली सराव शिबिराला होत्या. कमळ्या कातकऱ्याची मुलगी, पहिल्यांदाच घराबाहेर आलेली, सकाळी कोपऱ्यात बसून रडायला लागली. ठकी तिच्यापुढे उकिडवी बसली. म्हणाली, "ऊठ. दम घे. तीन घे." पोरीनं हुंदके देत तीन दम घेतले.

"गेली?"

पोरीनं मान हलवली. नाही.

"मग ही खरी हाय. हिला आवशिद नाय. हा घे फोन, आयला लाव."

पोर फोन घेऊन भिंतीकडे वळली. ठकी उठली आणि मैदानाच्या कडेला गेली. तिथून माथेरानचा डोंगर दिसत नाही, तरी ती त्याच बाजूला तोंड करून उभी राहिली. तिच्या पाठीची हालचाल मला दिसत होती. आवाज येत नव्हता, पण ती काय म्हणतेय हे मला कळत होतं. दम संपला, पुन्हा घेतला. पुन्हा संपला, पुन्हा घेतला.

मग ती परत माझ्याजवळ आली, माझ्या हातातली शिट्टी घेतली आणि म्हणाली, "नाय जात गं."

आणि मुलींना ओळीत उभं केलं.